बिनपानाचा खांब

विषयपत्रिकेवरचा चौथा विषय होता ‘पानं’. पहिल्या तीन विषयांत, म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त, कॉफी आणि कॉफीच्या कपांचे तुटलेले कान यांत, पाऊण तास गेला होता. तालसेले गावाच्या मानाने सभा भरधाव चालली होती. अध्यक्ष राग्नवाल्डने चष्मा कपाळावर सरकवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर जूनची पाच तारीख होती. तळ्यावरचा बर्फ मागच्याच मंगळवारी गेला होता, आणि सभागृहामागच्या सावलीत एक मळकट ढीग अजून मुक्काम ठोकून होता. बर्चची झाडं तर अशी उघडीबोडकी उभी होती, की उन्हाळ्याचं निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं.

“पानं नाहीत,” राग्नवाल्ड म्हणाला.

हे सगळ्यांना दिसत होतं. तरी सचिवाने ते लिहून घेतलं. सचिव म्हणजे राग्नवाल्डची बायको गुनबोर्ग.

उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सण पंधरा दिवसांवर आला होता. त्या दिवशी बारा मीटरचा खांब बर्चच्या पानांनी मढवायचा, दोरांनी ओढून उभा करायचा आणि त्याच्याभोवती बेडकासारख्या उड्या मारायच्या, हे तालसेलेत पणजोबांच्या पणजोबांपासून चालत आलं होतं. दक्षिणेकडे हे सोपं असतं, कारण तिकडे जूनमध्ये पानं असतात. तालसेले इतकं उत्तरेला होतं, की जूनमध्ये तिथे सूर्य मावळायचं विसरायचा आणि झाडं पालवायचं. एरवी चार कोंब, दोन कळ्या आणि बाकी मनातली हिरवाई, यांवर गाव भागवून न्यायचं.

“यंदा तसं भागणार नाही,” राग्नवाल्ड म्हणाला. “पत्र सगळ्यांनी वाचलंय.”

पत्र नगरपालिकेचं होतं. तालसेले आणि नदीपलीकडचं ब्रेन्नास या दोन गावांनी पुढच्या वर्षापासून मिळून एकच खांब उभारावा, असं नगरपालिकेने ‘आनंदाने’ सुचवलं होतं. तो कुठल्या गावात उभारायचा, हे सांस्कृतिक अधिकारी तुवा यंदाचे दोन्ही सण पाहून ठरवणार होती. एक वाजता तालसेले, तीन वाजता ब्रेन्नास.

राग्नवाल्ड एकोणीस वर्षं खांब समितीचा अध्यक्ष होता. त्याला मूलबाळ नव्हतं आणि मासेमारीचा नाद नव्हता. लाकडाच्या गिरणीत तो जे काम करायचा ते कुठल्याही यंत्राला जमलं असतं, आणि दोन वर्षांपूर्वी एका यंत्राला ते जमलंही होतं. वर्षातून एकदा खांबाच्या बुंध्याशी उभं राहून त्याने “ओढा” म्हणायचं आणि चाळीस माणसांनी ओढायचं, एवढी एकच गोष्ट त्याच्या आयुष्यात अशी होती, जी तो म्हणायचा आणि लोक करायचे. ती नदीपलीकडे जाणार का, असा प्रश्न होता.

नदीपलीकडे स्टुरे होता. ब्रेन्नासच्या समितीचा हा अध्यक्ष गोलमटोल आणि सदा खूश. पानांचा प्रश्न त्याने तीन वर्षांपूर्वीच सोडवला होता. त्याने हिरव्या प्लास्टिकच्या पानांच्या माळा आणल्या होत्या. सण झाला की तो त्या धुवायचा, वाळवायचा आणि डब्यात भरून ठेवायचा. तालसेलेत याबद्दल कुणी वाईट बोलत नसे. फक्त ‘ब्रेन्नास’ म्हणण्याआधी लोक क्षणभर थांबत, तोंडात काटा आल्यासारखे.

“या एका वर्षापुरतं आपणही...” मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. राग्नवाल्डने त्या दिशेला नुसतं पाहिलं. वाक्य आल्या पावली परत गेलं.

“ईस्टरला आपण काय करतो?” राग्नवाल्डने विचारलं.

“कंटाळतो,” हिल्डुर मावशी म्हणाली. ती एक्याण्णव वर्षांची होती आणि गावात तोंडाला येईल ते बोलायची परवानगी तिला एकटीलाच होती.

“ईस्टरला आपण बर्चच्या काड्या घरात पाण्यात ठेवतो. बाहेर कमरेइतका बर्फ असतो आणि घरात पंधरा दिवसांत हिरवीगार पानं.”

“त्या सहा काड्या असतात,” गुनबोर्ग लिहिता लिहिता म्हणाली.

“बरोबर. आपण चारशे आणू.”

कल्पना साधी होती, आणि तिच्यात एकही खोट कुणाला दिसली नाही. घोळ झाला तो वाटपात. चारशे फांद्या, एकतीस घरं. घरटी बारा दिल्या तर अठ्ठावीस उरतात. मग अठ्ठावीस घरांना तेरा आणि तीन घरांना बारा. ती तीन घरं कुठली, यावर पंचवीस मिनिटं अत्यंत सौम्य आवाजात चर्चा झाली. कमी फांद्या म्हणजे कमी त्रास, म्हणून प्रत्येकाला बारा हव्या होत्या आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला बारा मिळाव्यात असा आग्रह धरत होता. शेवटी समानतेसाठी आणखी तीन फांद्या तोडाव्यात आणि घरटी तेरा ठेवाव्यात, असा ठराव झाला. सोबत नियम आले. फांद्या घरातल्या सर्वांत उबदार खोलीत ठेवायच्या. तापमान चोवीस अंश. खिडक्या बंद. पाणी रोज सकाळी बदलायचं.

“कुणाची हरकत?” राग्नवाल्डने विचारलं.

सभागृह चिडीचूप. तालसेलेत हरकत तोंडाने घेत नाहीत. ती दोन दिवसांनी सूचनाफलकावर चिठ्ठी होऊन येते. खाली सही नसते, पण ‘धन्यवाद’ असतं आणि एक हसरा चेहरा काढलेला असतो.

पहिला आठवडा झकास गेला. सहाव्या दिवशी कळ्या फुगल्या, आठव्या दिवशी उंदराच्या कानाएवढी पानं फुटली. राग्नवाल्ड रोज सकाळी हातात तापमापक घेऊन गावातून फेरी मारायचा, खिडक्यांतून आत डोकावायचा आणि मान हलवायचा. त्याची स्वतःची तेरा पिल्लं पलंगाच्या पायथ्याशी दोन बादल्यांत होती. पानांबरोबर फांद्यांना पिवळसर तुरेही लोंबायला लागले होते. ते त्याला फार आवडले. जाता-येता तो त्यांना टिचकी मारायचा.

नवव्या दिवशी सकाळी गुनबोर्ग म्हणाली, “शिंकलास तू.”

“नाही.”

“तीनदा.”

“ती शिंक नव्हती. विचार करताना मला तसा आवाज होतो.”

“आणि डोळे लाल का झालेत?”

“तुझे का झालेत?”

“माझे वाचून झालेत,” गुनबोर्ग म्हणाली. आठवडाभरात तिने सभेच्या इतिवृत्तापलीकडे एक ओळ वाचली नव्हती.

दुकानात तर विलक्षण शांतता होती. एरवी शांतताच असायची, पण आता तिच्यात मधूनमधून नाकं वाजत होती. लोक एकमेकांपासून तीन-तीन हात लांब रांगेत उभे होते, सगळ्यांचे डोळे टोमॅटोसारखे, आणि प्रत्येकाच्या हातात कागदी रुमालांचं एकच पाकीट होतं. दोन घेतली असती तर चर्चा झाली असती. प्रत्येकाला वाटत होतं की सर्दी आपल्यालाच झाली आहे आणि बाकीचे उगाच सहानुभूतीने डोळे पुसतायत. विचारायचं कसं? दुसऱ्याच्या नाकाबद्दल विचारणं म्हणजे त्याच्या घरात न विचारता शिरण्यासारखं.

सूचनाफलकावर मात्र जोरात संवाद सुरू झाला. पहिली चिठ्ठी: ‘ज्यांना सर्दी आहे त्यांनी सभागृहातल्या सामायिक चमच्यांना हात लावू नये. धन्यवाद.’ तिच्याखाली दुसरी: ‘सर्दी सगळ्यांनाच आहे. काहीजण फक्त चिठ्ठ्या लिहितात. धन्यवाद.’ दोन्हींवरचे हसरे चेहरे एकमेकांकडे बघून दात ओठ खात असल्यासारखे दिसत होते. त्याखाली तिसरी, राग्नवाल्डच्या टपोऱ्या अक्षरात: ‘हा फलक फक्त खांबविषयक सूचनांसाठी आहे.’

शनिवारी हिल्डुर मावशी काठी टेकत राग्नवाल्डच्या दारात आली.

“तुझ्या त्या फांद्या माझा जीव घेणार, राग्नवाल्ड.”

“सर्दी आहे ती, मावशी. साथ आहे.”

“मला सर्दी शिकवू नकोस. तुझ्या आजोबाला माझ्यामुळे झाली होती एकदा. हे बघ, बादली बाहेर नेली की मी ठणठणीत. आत आणली की रडायला लागते. दोनदा करून पाहिलंय.”

राग्नवाल्डने घाईने विचारलं, “म्हणजे बादली आत्ता बाहेर आहे?”

“बाहेर कशी असेल? नियम आहे ना. बादली आत आहे. मी बाहेर बसते.”

तेव्हा कुठे राग्नवाल्डच्या लक्षात आलं. मावशीने जूनमध्ये अंगात फरचा कोट घातला होता आणि कोटावर डासांचा थर बसला होता. ती गेल्यावर गुनबोर्गने बादलीतल्या एका तुऱ्याला बोटाने हलकेच हात लावला. त्यातून पिवळा धूर उडाला आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिला. दोघंही लागोपाठ सहा वेळा शिंकली.

“पराग आहेत हे,” गुनबोर्ग म्हणाली. “अख्ख्या जंगलाचा वसंत आणून आपण झोपायच्या खोलीत कोंडलाय. वर खिडक्या बंद.”

“जंगलात पण असतो तो.”

“जंगलात आपण चोवीस अंशावर त्याच्या शेजारी झोपत नाही. राग्नवाल्ड, सभा बोलाव.”

“तातडीच्या सभेला सात दिवसांची नोटीस लागते. आज शनिवार. सण शुक्रवारी.”

“मग फोन कर घरोघरी. खिडक्या उघडा म्हणून सांग.”

“ठराव झालेला आहे. ठराव फोनवर फिरवता येत नाही, नियम बारा.”

“हा नियम केला कोणी?”

“मीच,” राग्नवाल्ड म्हणाला. “पण तेव्हा मला श्वास घेता येत होता.”

 नियम बारा हे खरं कारण नव्हतं, हे गुनबोर्गला कळत होतं. खिडक्या उघडल्या तर बाहेरच्या पाच अंशांत पानं मान टाकणार. पानं गेली तर खांब बोडका. खांब बोडका तर तुवा तीन वाजता ब्रेन्नासला जाऊन स्टुरेची हिरवीगार प्लास्टिकबाग बघणार. तिने रुमालांचं नवं पाकीट फोडलं आणि अर्धं त्याच्याकडे सरकवलं.

शुक्रवारी ऊन लख्ख पडलं. नऊ अंश होते आणि वाऱ्याची झुळूकही नव्हती. बायकांनी लोकरीच्या गंज्यांवर फुलाफुलांचे झगे चढवले होते. सकाळी एकतीस घरांतून चारशे तीन फांद्या निघाल्या आणि खांबावर बांधल्या गेल्या. कुणी काही म्हणो, खांब असा दिसत होता की बघत राहावं. कोवळी, पोपटी, खरीखुरी पानं, आणि त्यांतून लोंबणारे शेकडो सोनेरी तुरे. राग्नवाल्डला तो नीट दिसला नाही. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. पण आपला खांब सुंदर आहे, हे त्याला नाकाने कळत होतं.

तुवा बरोब्बर एक वाजता आली. बारीक चणीची, तिशीच्या आतली, वही छातीशी धरलेली. ती दक्षिणेची होती. नगरपालिकेने तिला इथल्या लोकांचा आत्मा समजून घ्यायला पाठवलं होतं आणि दोन वर्षांत आत्म्याने तिच्याशी फक्त हवामानावर चर्चा केली होती.

राग्नवाल्डने स्वागताचं भाषण लिहून आणलं होतं. पहिल्याच शब्दाला त्याचा गळा बंद झाला. त्याने कागद खिशात टाकला, बुंध्याशी जाऊन उभा राहिला आणि होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून म्हणाला, “ओढा.” आवाज हुंदक्यासारखा निघाला.

चाळीस जणांनी ओढलं. खांब एक हिसका घेऊन वर आला आणि त्या हिसक्यासरशी सगळे तुरे एकदम झडले. दुसऱ्या हिसक्याला पिवळा ढग उतरला. तिसऱ्याला तो माणसांवर बसला. चौथ्या हिसक्याला खांब ताठ उभा राहिला आणि त्याच्याखाली अख्खं तालसेले ओक्साबोक्शी रडत होतं. पण सण म्हणजे सण. अकॉर्डियनवाल्याने डोळे मिटून सूर धरला आणि लोक उकिडवे बसून फेर धरू लागले. चाळीस पोक्त माणसं बेडकासारख्या उड्या मारत होती, हुंदके देत होती, नाकं पुसत होती आणि पुन्हा उडी मारत होती. थांबावं असं प्रत्येकालाच वाटत होतं, पण पहिल्यांदा थांबणार कोण?

तुवा बाकावर हिल्डुर मावशीशेजारी टेकली. “काय झालंय? गावात कुणी गेलं का?” तिने हळूच विचारलं.

“नाही गं.”

“मग सगळे रडतायत का?”

“पानं आली की रडू येतं आम्हाला,” मावशी नाक शिंकरत म्हणाली.

तुवाचं पेन वहीवर थबकलं. मग तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. “फक्त आज?”

“छे. घरात आणली तेव्हापासून.”

“पानं तुम्ही घरात आणता?”

“दर घरात तेरा फांद्या. खिडक्या लावून घ्यायच्या. दोन आठवडे.”

“आणि तुम्ही त्यांच्यासोबत राहता?”

“झोपतो सुद्धा. मी नाही. मी बाहेर बसते.”

तुवा पुढे सरकली. “तेराच का? काही अर्थ असेल ना त्याला?”

“चारशे भागिले एकतीस,” मावशी म्हणाली.

तुवाने वहीत लिहिलं: ‘प्राचीन गणित. गूढ.’ आणि लिहिता लिहिता वहीवर एक थेंब पडला. तिने डोळ्याला हात लावला. डोळा ओला होता. गेल्या चार वर्षांत ती एकदाही रडली नव्हती, नवरा सोडून गेला तेव्हासुद्धा नाही. आणि आज या अनोळखी गावात, या उड्या मारणाऱ्या दुःखी माणसांमध्ये, तिच्या आत काहीतरी वितळत होतं. पाच मिनिटांत ती मावशीच्या फरच्या कोटात तोंड खुपसून रडत होती.

राग्नवाल्ड हाडाचा सरळ माणूस होता. घोटाळा होतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो धडपडत बाकापाशी गेला. “तुवा, ऐक, हे खरं तर, हे जे तुरे...” पुढे त्याच्या छातीतून नुसताच घर्र आवाज आला.

तुवाने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नको,” ती म्हणाली. “सगळंच शब्दांत सांगायचं नसतं.”

एकोणीस वर्षांत नगरपालिकेच्या कुणीही राग्नवाल्डच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. तो गप्प बसला.

तीन वाजता तुवा ब्रेन्नासला पोचली. स्टुरेने कुठेही कमी पडू दिलं नव्हतं. प्लास्टिकची पानं चकाचक धुतलेली, हेरिंग मासळी तीन प्रकारची, नवे बटाटे थेट दक्षिणेहून मागवलेले, आणि स्वतः स्टुरे विनोदावर विनोद करत होता. बिचाऱ्याला काय कल्पना. “तिथे सगळे हसत होते,” तुवा नंतर कार्यालयात म्हणाली, एखाद्या अंत्यविधीला कुणी शिट्टी वाजवल्याचं सांगावं तशी.

निकालाचं पत्र सप्टेंबरात आलं. राग्नवाल्डने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मोठ्याने वाचलं. कलम एक: संयुक्त खांब कायमचा तालसेलेत उभारला जाईल. कलम दोन: तालसेलेचा ‘अश्रूंचा खांब’ हा जिवंत वारसा असल्याने तो विधी आहे तसाच जपला जावा. दर वर्षी त्याची पाहणी होईल, आणि रडण्यात खंड पडल्यास निर्णयाचा फेरविचार करण्यात येईल.

“खांब राहिला,” गुनबोर्ग म्हणाली आणि खरोखर हसली. “अरे, खांब राहिला की. तिसरं काय आहे?”

राग्नवाल्ड तिसरं कलम मनात वाचत होता. मग त्याने ते दुसऱ्यांदा वाचलं. जागा तालसेलेला मिळाली असल्याने समतोल राखण्यासाठी संयुक्त समितीचं अध्यक्षपद ब्रेन्नासला देण्यात येत आहे.

“हे न्यायाचंच आहे,” तो म्हणाला. तालसेलेच्या माणसाला यापेक्षा वाईट शिवी येत नाही.

“तिला जाऊन खरं सांग. परागांचं.”

“मग खांबही ब्रेन्नासला जाईल.”

“मग सांगू नकोस.”

“मग ‘ओढा’ स्टुरे म्हणेल.”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि विहिरीच्या काठावर स्टुरे डबा घेऊन बसलेला. गुनबोर्गने कॉफी ओतली. 

पुढच्या वर्षी वसंताने कमालच केली. मे महिन्यातच बारा दिवस ऊन तापलं. महिनाअखेर बर्च नखशिखांत हिरवे झाले आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात तुरे झडून, पावसात धुऊन, नदीतून वाहूनही गेले. गावाने इतकी पानं जूनमध्ये कधी पाहिली नव्हती. आणि गावात एकाच्याही नाकाला पाणी नव्हतं.

संयुक्त समितीच्या सभेत चौथा विषय होता ‘रडणं’.

“सोपं आहे,” नवा अध्यक्ष स्टुरे प्रसन्नपणे म्हणाला. “कांदे. माणशी अर्धा, रुमालात गुंडाळून. आमच्याकडे हेरिंगवर घालायला आणतोच आम्ही, त्यातच चार जास्त आणू.”

“कांद्याचं रडू म्हणजे प्लास्टिकच,” राग्नवाल्ड म्हणाला.

“असेना का. प्लास्टिकने आमचं तीन वर्षं छान चाललं होतं. तुम्हीच रडून घोळ घातलात.”

 स्टुरेने दोन रंगीत तालमी लावल्या आणि फळ्यावर आकृती काढून समजावलं. “पहिल्या ओढीला डोळे. दुसऱ्या ओढीला खांदे. तिसऱ्या ओढीशिवाय आवाज काढायचा नाही, नाहीतर पुढे उरत काही नाही. आणि राग्नवाल्ड, तू तिसऱ्या दोरीवर. उंच आहेस, मागून दिसशील.”

“बुंध्याशी एक माणूस लागतो,” राग्नवाल्ड म्हणाला. “खांब कलतो कुठे ते बघायला.”

“मी आहे ना तिथे. काळजी करू नकोस रे, बाबा.”

सणाच्या दिवशी दोन बसगाड्या भरून पाहुणे आले. दक्षिणेतले, खास रडायला. तुवाच्या हातात या वेळी वही नव्हती, छापील तक्ता होता. दोन्ही गावांचे मिळून सत्तर लोक दोरांना लागले, सत्तर रुमालांतून कांद्याचा वास सुटला. राग्नवाल्डने आपला अर्धा कांदा घरी टेबलावर सोडला होता. खांबाशी आपण कधी खोटेपणा केला नाही, एवढी तरी एक गोष्ट शिल्लक राहावी, असं त्याला वाटत होतं. पानांच्या गर्दीत खांब दिसेनासा झाला होता. बुंध्याशी स्टुरे उभा होता, कोटाची बटणं लावून, पोटावर हात ठेवून.

“ओढा मंडळी,” स्टुरे म्हणाला. लोकांना जेवायला बसवावं तशा आवाजात. ‘मंडळी’ कुणी म्हणत नसे. एकोणीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं.

आता खांब कलणार, असं राग्नवाल्डला वाटलं. त्याने दोर घट्ट धरला. स्टुरे बिचारा गांगरेल, मग कुणीतरी ओरडेल, ‘राग्नवाल्ड कुठेय, राग्नवाल्डला बोलवा.’ तो एक पाय पुढे टाकून तयार राहिला. पण खांब कलला नाही. तो एका लयीत, एकही हिसका न खाता वर गेला आणि ओळंबा लावल्यासारखा ताठ उभा राहिला. राग्नवाल्डच्या हातून तो इतका सरळ कधीच उभा राहिला नव्हता. दर वर्षी थोडासा नदीकडे झुकायचा. तो तसाच असतो, अशी सगळ्यांची समजूत होती.

पहिल्यांदा त्याला नाकात काहीतरी जाणवलं. मग ते डोळ्यांत आलं. मग खांदे हलायला लागले, आणि ते त्याला थांबवता येईनात. खांब एकाच ओढीत उभा राहिल्याने बाकीचे लोक अजून पहिल्या ओढीवर, म्हणजे डोळ्यांवरच होते. राग्नवाल्ड थेट आवाजावर गेला. तोंड वेडंवाकडं झालं, नाक गळायला लागलं, आणि घशातून कोंडलेल्या बैलासारखा हंबरडा फुटला. आजूबाजूचे जरा बिचकले. तालमीत असं काही नव्हतं.

शेजारच्या दोरीवरून गुनबोर्ग कुजबुजली, “कांदा घेतला होतास तू?”

राग्नवाल्डने नकारार्थी मान हलवली. ती दोर न सोडता दोन पावलं सरकली आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तुवा हातातला तक्ता घेऊन त्यांच्यासमोर आली, राग्नवाल्डकडे दोन क्षण निरखून पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि पुढे गेली.

पाहणीचा अहवाल ऑगस्टमध्ये आला. विधी उत्तम जपला गेला होता आणि खांब पुढच्या वर्षीही तालसेलेतच राहणार होता. अध्यक्ष स्टुरे यांच्या अश्रूंमधला संयम विशेष उल्लेखनीय होता. सुधारणेला वाव एकाच जागी दिसला: ‘तिसऱ्या दोरीवरील उंच गृहस्थांचं रडणं फार ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. असा नाटकीपणा परंपरेशी विसंगत आहे. पुढील वर्षी त्यांना मागच्या रांगेत उभं करावं, किंवा कॉफीच्या व्यवस्थेत घ्यावं.’

सभेत स्टुरेने अहवाल वाचून दाखवला आणि सूचना मान्य झाली. इतिवृत्त बरोबर लिहिलं गेलंय याची खात्री करून सही करायला एक सदस्य निवडावा लागतो. त्या जागेवर राग्नवाल्डची निवड झाली, एकमताने. तो कागद त्याने शेवटपर्यंत शांतपणे वाचला, ‘ओढूनताणून’ या शब्दापाशी जरा थांबला, आणि खाली सही केली. त्यात चूक काही नव्हती.